खांदा बसला की कोट बसला

गेल्या वर्षी मुलाखतीसाठी ब्लेझर हवा होता. दुकानात जरा बरा दिसणारा चार हजारांच्या पुढे, आणि अंगावर चढणार वर्षातून तीनदा. म्हणून पुण्याचा जुना बाजार गाठायचं ठरवलं. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो तो. पान्हे, नळाच्या तोट्या, बंद पडलेले कॅमेरे आणि मधूनमधून ताडपत्रीवर ओतलेले कपड्यांचे ढीग.

आईला सांगितलं तर म्हणाली, "दुसऱ्याचे उतरलेले कपडे? मेलेल्या माणसाचे असले म्हणजे?"

"मग मला आजीच्या जुन्या पातळाच्या दुपट्यात कशाला गुंडाळलंस?"

"आजी आपली होती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हीच आई दर दिवाळीआधी बोहारणीला माझे शर्ट देऊन पातेलं घेते, हेही खरं.

पहिली फेरी वाया गेली. ऐंशी रुपयांना निळा शर्ट मिळाला म्हणून खूश होतो. दुसऱ्याच दिवशी बसमध्ये वरचा दांडा धरला आणि काखेत टर्रकन फाटला. उसवला नाही, कापडच विरलेलं होतं. तेव्हापासून कपडा आधी उन्हाकडे धरतो. काख, कॉलरची घडी, पँट असेल तर मांड्यांच्या मधला भाग. उजेड आरपार दिसला की परत ढिगात. तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, लोंबणारी दुमड याला मी घाबरत नाही, ते वीस-तीस रुपयांचं काम. काखेतला पिवळा डाग मात्र निघता निघत नाही.

लेबलवरच्या नंबरावर तर अजिबात जाऊ नये. एकाचा ४० दुसऱ्याच्या ४२ एवढा असतो, आणि कपडा आधी कितीदा धुतला गेलाय कोण जाणे. मी घरून अंगाला नीट बसणारा शर्ट मोजून गेलो होतो: या काखेपासून त्या काखेपर्यंत, आणि खांदा. खिशात टेप. लोक बघतात, बघू देत.

ब्लेझर तिसऱ्या फेरीत सापडला, बुधवारी. गडद राखाडी. मावशी म्हणाल्या, "लोकर आहे दादा, हात लावून बघा." आतल्या शिवणीतला एक सुटा धागा मागून घेतला आणि शेजारच्या टपरीवर काडेपेटी मागून पेटवला. सुती असता तर कागदासारखा जळून राख झाली असती, पॉलिस्टर असता तर वितळून टोकाला कडक गोळी. याला केस जळल्याचा वास आला. मावशी खोटं बोलत नव्हत्या.

मग समोरची कॉलर तिरकी धरून बघितली. ब्लेझरला आतून चिकटवलेलं अस्तर धुण्यात सुटलं की तिथे बारीक फुगे येतात आणि ते कुठल्याही इस्त्रीने बसत नाहीत. फुगे नव्हते. खांदा अंगाला बरोबर. बाही इंचभर आखूड, पण आत दीड इंच कापड दुमडलेलं होतं. हे महत्त्वाचं, कारण बाही सोडता येते, कंबर आत घेता येते, पण खांद्याला हात लावायचा तर टेलर अख्खा कोट उसवतो आणि नव्याच्या निम्मे पैसे मागतो.

"केवढ्याला?"

"सहाशे."

"तीनशे."

"तीनशेत मलाच नाही पडला दादा. स्टीलचा मोठा डबा दिलाय याच्यावर."

साडेतीनशेला दिला. डब्याचं ऐकून मला आईचं पातेलंच आठवलं.

घरी आणल्यावर दोन दिवस गच्चीत, मग ड्रायक्लीन. लोकर गरम पाण्यात घालायची नाही, आटते. सुती कपडे मात्र मी कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवतो. त्या ढिगाचा कुबट वास साध्या साबणाने जात नाही.

आमच्या टेलरकाकांनी बाही सोडायला अस्तर उसवलं, तर काउंटरवर चार दाणे पडले. अक्षता. खिशाच्या भोकातून आत उतरल्या असणार, कुंकवाचा रंग अजून होता. काकांनी त्या चिमटीने उचलून कागदावर ठेवल्या. मी घरी नेऊन आईला दाखवल्या. तिने चष्मा लावून बघितल्या.

"म्हणजे लग्नातला आहे," ती म्हणाली. एवढंच. पण संध्याकाळी सैल झालेलं बटण तिनेच पक्कं केलं.

ड्रायक्लीन आणि टेलर धरून एकूण आठशे वीस रुपये. बाहीवर जुन्या दुमडीची रेघ मात्र राहिली. काकांनी व्हिनेगर लावून वाफेची इस्त्री दिली, तेव्हा फिकी झाली, गेली नाही. मुलाखतीत अर्धा तास उजवा हात टेबलाखाली ठेवला होता. डाव्या बाहीवरही तीच रेघ आहे, हे बाहेर पडल्यावर लक्षात आलं.