शेऱ्यासकट यादी

आठवी ते दहावी आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. "माझं नाव छापलंस तर बघ," असं त्यांनीच फोनवर बजावलंय. तेव्हा या लेखात त्या नुसत्या 'बाई'. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

नववीच्या जूनमध्ये बाईंनी आम्हाला एक यादी दिली. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका ज्या सायक्लोस्टाईलवर निघत, त्यावरच काढलेली, फुलस्केप, पाठपोट. वर 'अवांतर वाचन : कादंबऱ्या'. खाली रकाने आखलेले. अनुक्रमांक, पुस्तक, लेखक, आणि शेवटी 'शेरा'. शेरा म्हणजे प्रगतिपुस्तकात असतो तो, 'बरा', 'अक्षर सुधारावे', एवढंच आम्हाला ठाऊक. बाईंनी तो पुस्तकांना दिला होता. 'रणांगण'समोर लिहिलं होतं, 'लहान आहे, सोपी नाही.' 'फकिरा'समोर, 'जेवून मगच बसा.' 'ययाति'समोर, 'ज्ञानपीठ मिळालं म्हणून वाचू नका.' आणि 'कोसला'समोर, 'बारावीनंतर. आधी वाचलीत तर मला सांगू नका.' साहजिकच सगळ्यांनी आधी 'कोसला' शोधली. शाळेच्या कपाटात ती नव्हतीच.

'पण लक्षात कोण घेतो'चा शेरा होता, 'एकट्याने वाचू नये.' म्हणून ती आम्ही वर्गात वाचली. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास. बाई एखाददुसरं प्रकरण वाचायच्या आणि घंटा झाली की पुस्तक पिशवीत. घरी न्यायला मागितलं तर मिळायचं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः दिली. पुस्तक आलं ते १८९३ मध्ये. "तेव्हाच्या लोकांनी एवढी वाट बघितली, तुम्हाला एक आठवडा निघेना?" असं म्हणून बाई चपला घालायच्या.

निघत नव्हताच. यमूचं पुढे काय होणार, दुर्गीचा नवरा आता काय करणार, यावर एसटी स्टँडपर्यंत वाद चालायचे. हरिभाऊ मध्येच पाल्हाळ लावतात, हे आजही माझं मत आहे. बाईंचंही असावं, कारण तसा भाग आला की पुस्तक मांडीवर उपडं ठेवून त्या तो तोंडी सांगायच्या आणि नेमक्या जागी परत वाचायला लागायच्या. आपली गोष्ट सांगणाऱ्या यमूमागे मिशीवाला पुरुष बसलाय, हे तर आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ध्यानातही आलं नव्हतं. यमूचं केशवपन झालं त्या शनिवारी घंटा होऊनही कुणी उठलं नाही. वही कधीच न आणणाऱ्या मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "त्या शंकरमामंजींना कुणी काहीच कसं केलं नाही?" बाई म्हणाल्या, "तू असतास तर काय केलं असतंस?" पुढचा शनिवार त्यातच गेला. आमच्या वर्गातल्या काही मुली दहावीला नव्हत्या. लग्नं झाली होती त्यांची. शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या ब्राह्मण घरातली गोष्ट माणदेशातल्या आमच्या वर्गाला लांबची वाटली नाही, ती त्यामुळेही.

पाठ्यपुस्तकात हरिभाऊंवर जेमतेम चार ओळी होत्या : मराठी सामाजिक कादंबरीला वळण देणारे वगैरे. त्या परीक्षेत लिहिल्या आणि विसरले.

यादीवर 'रणांगण'च्या लगेच खाली 'बळी' होती, लेखिका विभावरी शिरूरकर. शेरा फक्त, 'सोलापूर काही लांब नाही.' गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची इंग्रजांची पद्धत, त्या सेटलमेंटमधली ही कादंबरी, १९५० ची. लेखिकेने सोलापूरला अशा वसाहतीत स्वतः काम केलेलं होतं. आमच्या भागात पाल ठोकून राहणारी माणसं आली की लोक दारं लावून घ्यायचे; 'बळी' वाचून दार उघडायला लागलो असं म्हणणार नाही, पण लावताना अवघड वाटायला लागलं. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि 'रणांगण'चे विश्राम बेडेकर त्यांचे पती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. एकाच घरातली दोन पुस्तकं बाईंनी एकाखाली एक लिहिली होती आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

'धग'चा शेरा होता, 'बोली अडेल. अडू दे.' उद्धव शेळक्यांची ही १९६० ची कादंबरी वऱ्हाडीत बोलते. मला ती पहिल्याच पानांत अडली आणि मी परत केली. आवडली नाही म्हणून पुस्तक परत करायला बाईंची हरकत नसायची. वहीत तारीख टाकायच्या, बस. पुढे मी बँकेत लागले आणि बदली अमरावतीला झाली. काउंटरवर दिवसभर 'पैसे काढाचे हायेत', 'अंगठा कुठी लावू' ऐकल्यावर, कुणी शिकवल्याशिवायच 'धग' उघडली. नवऱ्यावर विसंबून चालणार नाही हे कळून चुकलेली, शिंप्याच्या घरातली कौतिक; तिचं राबणं, तिचं भांडणं, मुलांसाठी गाव बदलणं. मराठी कादंबरीतल्या बायकांमध्ये मी तिला सगळ्यात वर ठेवते. कुणाला पटो न पटो.

'बनगरवाडी'चा शेरा होता, 'सगळ्यात शेवटी वाचा.' पातळ दिसली म्हणून आम्ही ती आधी वाचली आणि म्हटलं, यात काय आहे? धनगर, मेंढरं, एकशिक्षकी शाळा, औंधचे पंत. माडगूळ आमच्या शेजारचं, तिथल्या माणसाने आमचंच आम्हाला सांगावं आणि त्याची कादंबरी व्हावी, हे गळी उतरेना. अमरावतीहून सुट्टीला आले तेव्हा शेवटची प्रकरणं आजीला वाचून दाखवली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेलेली, सुकडीवर दिवस काढलेले. वाडी ओस पडते, लोक जगायला बाहेर जातात, मास्तरही निघतो, तिथे पुस्तक संपतं. आजी बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "मास्तरची बदली झाली, ब्येस झालं. आमची कोण करणार हुता?" माडगूळकरांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी बरंच वाचलंय, पण हा अभिप्राय त्यात कुठे नाही.

आता फोनवर दर काही दिवसांनी एक यादी येते. 'आयुष्यात एकदा तरी वाचावीत अशी शंभर मराठी पुस्तके.' त्यात 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाति' आणि 'छावा' असतातच. वाईट नाहीत. 'मृत्युंजय'ने मला दहावीच्या सुट्टीत रात्ररात्र जागवलंय. पण 'मृत्युंजय' वाच म्हणून कुणाला सांगावं लागतं का? लग्नात आहेर म्हणून मिळणारं पुस्तक ते. 'धग' त्या शंभरांत क्वचित दिसते, 'बळी' मला तरी अजून दिसलेली नाही. आणि यादी पाठवणाऱ्याला विचारावं की बाबा, यातलं तू कुठलं अर्धवट सोडलंस, तर उत्तराऐवजी हात जोडलेलं चित्र येतं. बाईंना असं विचारता यायचं. 'रागिणी' त्यांनी स्वतः मध्येच सोडली होती आणि शेऱ्यात तसं लिहिलंही होतं : 'मला जमली नाही. तुम्हाला जमली तर सांगा.'

गेल्या महिन्यात फोनवर त्यांना विचारलं, यादीतली पुस्तकं कशी निवडली होती? मला वाटलं, काही तात्त्विक ऐकायला मिळेल. त्या म्हणाल्या, "कपाटात जी होती ती लिहिली. नसलेली लिहून काय उपयोग?" मग 'कोसला'? "तेवढी मुद्दाम. गाव सोडून बाहेर पडाल तेव्हा एखादं पुस्तक तुमचं तुम्ही शोधायला नको?" मी ती पुण्याला हॉस्टेलवर वाचली, १९६३ मध्ये आलेली, माझ्यापेक्षा वयाने मोठी प्रत, रूममेटच्या काकांची. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर मेसच्या जेवणावर आणि हॉस्टेलातल्या पोरांवर जे बोलतो, ते त्या वयात त्या खोलीत वाचायला मिळालं. नववीत वाचली असती तर शिव्या तेवढ्या लक्षात राहिल्या असत्या.

स्मरणिका समितीने माझ्याकडे 'विद्यार्थ्यांनी वाचावीत अशी दहा पुस्तके' मागितली होती. यादी देत नाही. 'धग'च्या काही प्रती आणि 'बळी' शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवल्या आहेत, प्रत्येकीच्या आतल्या पानावर माझा शेरा आहे, तो खोडून मुलांनी आपला लिहिला तरी चालेल. सध्याच्या मुख्याध्यापकांना एकच विनंती : आमच्या वेळी काचेच्या कपाटाची किल्ली कार्यालयात असायची आणि ती मागायला बाईंनाच जावं लागायचं. या प्रती त्या कपाटात ठेवू नका. बाहेर, व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवा. हरवल्या तर कळवा, परत पाठवते.