'वाचे'ची बादली आणि कोरा फॉर्म

युरोप टूरमध्ये कुठे किती थांबायचं हे आमची कंपनी नाही, ड्रायव्हरचा टॅकोग्राफ, म्हणजे गाडी चालवल्याचे तास नोंदणारं यंत्र, ठरवतो. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं सक्तीची विश्रांती. त्यातली 35 स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात, हे टूर मॅनेजरशिवाय कुणाला पटत नाही.

व्हिएन्नाहून ल्युब्लियानाला जाताना ती विश्रांती स्लोव्हेनियातल्या वाचे गावात पडली. नाव ऐकून बसमध्ये दोघांनी अभंग सुरू केला, ते असो. मी फाइलमधला रंगीत कागद दाखवून नेहमीचं बोलले: 1882 साली इथे अडीच हजार वर्षांपूर्वीची कांस्याची बादली सापडली, तिला सिटुला म्हणतात. वरच्या पट्ट्यात घोडेस्वार आणि रथ, मधल्यात मेजवानी आणि शिरस्त्राणाच्या बक्षिसासाठी लढणारे मुष्टियोद्धे, खाली प्राणी.

"ताई, जोड कुठंय?"

पुण्याच्या तांबट आळीत उभा जन्म काढलेले काका. मला ठाऊक नव्हतं. इथल्या कबरींतला बराच ऐवज व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आदल्याच दिवशी आम्ही त्याच्या दारात मारिया थेरेसाच्या पुतळ्याबरोबर फोटो काढले होते. आत कुणी गेलं नाही, मीही नाही.

खरी बादली ल्युब्लियानाच्या राष्ट्रीय संग्रहालयात. आमच्या कार्यक्रमात त्या वेळी खरेदी. ग्रुप सोडून मला जाता येत नाही, म्हणून काकांच्या हातात हॉटेलचं कार्ड दिलं आणि एकटं पाठवलं. नियमात बसत नाही हे. ते दीड तास उशिरा आले. बस भरलेली, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

"रिवेट मारून जोडलीय," काका पायरीवरूनच म्हणाले. "चित्रं आतून ठोकून उठवलीत, मग बाहेरून रेघ मारलीय. अहो, पत्रा ठोकता ठोकता कडक होतो. सारखा तापवावा लागतो, नाहीतर चिरतो. हात बघा त्या माणसाचा! आणि एवढासाच आहे तो डबा, वीतभर."

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बसा आता."

फीडबॅक फॉर्मवर चौघांनी लिहिलं, 'वेळेचं नियोजन ढिसाळ'. त्यांचं बरोबरच आहे, तरी राग गेलेला नाही. काकांनी तारांकनाचे सगळे रकाने कोरे ठेवले आणि मागच्या बाजूला बादलीचा जोड काढून दिला, रिवेटच्या ठिपक्यांसकट, मापं बोटांत.

ऑफिसने तो फॉर्म 'अपूर्ण' म्हणून बाजूला काढला.