"मी तर स्वतःचं सुरू करतेय"

"ताई, कोथरूडला तासावर केबिन मिळेल का हो?"

विचारणारीचा मानसशास्त्राच्या एमएचा निकाल नुकताच लागलाय. तिने पर्समधून कार्ड काढून दिलं. नावाखाली ठळक सोनेरी अक्षरांत 'सायकोथेरपिस्ट'.

मी विचारलं, "सुपरव्हिजन कोणाकडे घेतेस?" म्हणजे आपल्या केसेस अनुभवी थेरपिस्टसमोर मांडून तपासून घेणं.

"ते नोकरीत असतं ना? मी तर स्वतःचं सुरू करतेय."

दिवसभर हेच वाक्य डोक्यात घोळतंय.

बरं, तिला दोष तरी काय द्यायचा? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी लागते. आजवर एम.फिल.ची मुलं त्यासाठी दोन वर्षं वॉर्ड आणि ओपीडीत घासत आलीत, आणि त्या जागा मोजक्याच. 'थेरपिस्ट' म्हणून पाटी लावायला मात्र कोण अडवतं? आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या 2021 च्या कायद्यात समुपदेशक आले खरे, पण तो कागदावरून खाली उतरायला वेळच लागतोय.

त्यात पैशाचं गणित. केबिनचं भाडं, सुपरव्हिजनची फी, थेरपिस्टने स्वतःसाठी घ्यायची थेरपी, सगळं खिशातून. सुरुवातीला क्लायंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एखादा ऐनवेळी "आज नाही जमणार" म्हणणारा. मग पहिली काट कशाला लागते? सुपरव्हिजनला. घरून आधार असलेलेच टिकतात, हे आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही.

चुकीचं ऐकलं गेलं तर भोगतो तो समोर बसलेला माणूस, आणि त्याला ते कळतही नाही.

सीनियर मंडळी, नवख्यांना परवडेल अशा फीत सुपरव्हिजन देणारे आपल्यात किती जण आहेत?