आईला घेऊन नर्मदेकाठी: ओंकारेश्वर, रावेरखेडी, महेश्वर, मांडू

"ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, सगळं एका दिवसात करून देतो" असं सांगणारा गाडीवाला इंदुरात हमखास भेटतो. त्याला हात जोडावेत आणि दुसरा शोधावा. इंदूरहून ओंकारेश्वर साधारण ८० किलोमीटर, महेश्वर ९० च्या आसपास आणि मांडू १०० च्या आत-बाहेर. नकाशात हे त्रिकूट फारच सोयीचं दिसतं. पण वाटेत भेरूघाटातली ट्रकांची रांग असते, ओंकारेश्वरला दर्शनाची रांग असते, आणि गाडीत ८२ वर्षांची आई असेल तर दर दीड तासाने पाय मोकळे करायला थांबावं लागतं. ते नकाशात कुठे दिसतं?

दिवाळी आटोपली आणि पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, आपल्या लहानपणच्या सुट्ट्यांची गावं पोरांना एकदा दाखवू या. मग भाऊ-वहिनी, त्यांची दोन पोरं, माझी लेक, जावई, नात, आई आणि मी असे सगळे टेंपो ट्रॅव्हलरमध्ये बसलो. आईला ड्रायव्हरच्या मागची सीट दिली, पायाखाली प्लॅस्टिकचं स्टूल. ते स्टूल चढ-उतारालाही कामी येतं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर बाकी काही विसरलं तरी चालेल, स्टूल विसरू नका.

आमच्या वेळी हा प्रवास छोट्या लाईनीने, म्हणजे मीटरगेजने व्हायचा. बाबा शाळेत मास्तर, आजोळ अकोल्याचं, त्यामुळे मे महिना लागला की होल्डॉल, सुरई आणि दशम्यांचा पितळी डबा घेऊन आम्ही इंदूर स्टेशनवर हजर. मीनाक्षी एक्सप्रेस राजस्थानातून यायची आणि आम्हाला महू, खंडवा करत अकोल्याला सोडून पुढे दक्षिणेला जायची. पातालपाणी ते कालाकुंड हा घाट आला की डब्यातली सगळी पोरं खिडकीला. परतीला कालाकुंडवर गाडीला मागून आणखी एक इंजिन लागायचं, कारण चढ १:४० चा, म्हणजे चाळीस फुटांत एक फूट. ते लागेपर्यंत फलाटावर पळसाच्या पानातला कलाकंद यायचा. आई एक पुडा घ्यायची आणि वाटा करताना बाबांचा वाटा मुद्दाम विसरायची, कारण बाबांना साखर होती. जाताना खंडव्याच्या पुढे मेळघाटात धुळघाटचा वेटोळा यायचा. गाडी फिरून आपल्याच रुळांच्या वरून जायची. तेवढ्यासाठी बाबा आम्हाला झोपेतून उठवायचे. ही लाईन होळकरांची, तुकोजीराव दुसऱ्यांनी ती व्हावी म्हणून इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, हे ते दर खेपेस नव्याने सांगायचे.

बाबांचा नेम असा की एका सुट्टीत अकोला आणि येता-जाता वाटेतलं एकच गाव. एक वर्ष ओंकारेश्वर, एक वर्ष महेश्वर. त्यात तत्त्वज्ञान काही नव्हतं. एवढं सामान आणि पोरं घेऊन दोनदा उतरणं-चढणं झेपायचं नाही, एवढंच. पण त्यामुळे एकेका गावी आम्ही राहिलो, आणि म्हणूनच ती गावं आज आठवतात.

ती लाईन आता राहिली नाही. अकोला-खंडवा २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली, महू-सनावद २०२३ मध्ये. ब्रॉडगेजचं काम चालू आहे. घाटाचा तुकडा मात्र हेरिटेज ट्रेनसाठी ठेवलाय. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही गाडी पातालपाणी-कालाकुंड मार्गावर धावते. दिवस आणि हंगाम बदलत असतात, म्हणून आधी रेल्वेच्या साइटवर बघूनच बेत ठरवा. काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या डब्याची तिकिटं आधी संपतात. कालाकुंडला जेवणाची फारशी सोय नाही, डबा घरून न्या आणि माकडांसमोर उघडू नका. पावसाळ्यात पातालपाणीचा धबधबा जोरात असतो, तेव्हा काठाजवळ जायचं नाही म्हणजे नाही. वरच्या अंगाला झालेला पाऊस आपल्याला दिसत नाही आणि पाणी एकदम येतं. आम्ही पोरांना आदल्या रविवारी नेऊन आणलं. भाच्यांना आवडलं. नातीला कलाकंद आवडला, गाडी ठीकठाक वाटली.

ओंकारेश्वरला सोमवार, अमावास्या, श्रावण आणि महाशिवरात्र टाळा. आम्ही दुपारी पोचलो, संध्याकाळी नुसते घाटावर बसलो आणि दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटे घेतलं. मुक्कामाचा फायदा तोच. इंदूरहून सकाळी निघालेली मंडळी दहा-अकराला पोचतात, तोवर तुम्ही मोकळे झालेले असता. मुख्य मंदिर मांधाता बेटावर, तिकडे जायला झुलता पूल किंवा नाव. पुढे पायऱ्या आणि अरुंद गाभारा. गुडघे दुखणाऱ्यांना दक्षिण काठावरचं ममलेश्वर बरंच सोपं आहे, आणि दोन्हीकडचं दर्शन झाल्याशिवाय ज्योतिर्लिंगाचं पुण्य पुरं होत नाही असं मानतातच. आईने ममलेश्वर शांतपणे केलं आणि बेटावर जायला नाव निवडली. नाववाल्याने तिला उचलूनच आत घेतलं. "अम्मा को बीच में बिठाओ, किनारे से नदी मत दिखाओ, डर जाएगी." आई म्हणाली, "मी ह्या नदीत पोहलेय म्हणावं त्याला." नावेचा दर बसण्याआधी ठरवा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. वर धरण आहे, पाणी सोडणार असतील तेव्हा नावा बंद होतात. अशा वेळी हुज्जत घालू नये.

तरुण मंडळींनी ७ किलोमीटरची ओंकार परिक्रमा जरूर करावी. वाटेत सिद्धनाथाचं पडकं मंदिर आहे, त्याच्या जोत्यावर कोरलेले हत्ती बघत भाऊ आणि जावई तासभर रमले. डोंगरावर २०२३ मध्ये उभारलेला १०८ फुटी बाल शंकराचार्यांचा पुतळा लांबूनही दिसतो. देवउठनी एकादशी होऊन गेली होती, म्हणून नर्मदा परिक्रमेला निघालेले लोक जागोजागी भेटले. त्यांना "नर्मदे हर" म्हणायचं, तेही तसंच म्हणतात, ओळख झाली.

मुक्कामाबद्दल एक तक्रार. फोनवर तळमजल्याची खोली पक्की केली होती. गेल्यावर कळलं की त्यांचा तळमजला रस्त्यापासून अठरा पायऱ्या वर. उतारावरच्या गावात असं होतं. तेव्हा "रस्त्यावरून खोलीपर्यंत पायऱ्या किती आणि कमोड आहे का", असं सरळ विचारा, आणि खोलीचा फोटो मागवण्यापेक्षा दारापासूनचा व्हिडिओ मागवा.

बहुतेक जण ओंकारेश्वरहून थेट महेश्वर गाठतात आणि रावेरखेडी टाकतात. मराठी माणसाने तरी ती टाकू नये. सनावदवरून बेडियाकडे वळायचं. बेडिया म्हणजे निमाडातली, नर्मदेकाठच्या ह्या भागातली, मिरचीची मोठी मंडी. काच खाली होती, पाच मिनिटांत गाडीतला प्रत्येक जण शिंकत होता, आणि रस्त्याकडेला वाळत घातलेली लाल मिरची संपेचना. वहिनीने तिथेच दोन किलो घेतली. पुण्यापर्यंत ती बॅग कुणी डोक्याशी ठेवून झोपणार नव्हतं, हे ओघानं आलंच. पुढे नदीकाठी तटबंदीच्या आत थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० ला ते इथे वारले. आईने चपला बाहेर काढल्या, मग आम्हीही काढल्या. धाकट्या भाच्याने विचारलं, "शनिवारवाड्यापासून इथपर्यंत घोड्यावर?" भावाने त्याला मोबाइलवर अंतर काढायला लावलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आणि परत?" तिथे हॉटेल नाही, पाणी बरोबर ठेवा, स्वच्छतागृहाचं काम सनावदलाच उरकून घ्या.

तिथून कसरावदमार्गे नर्मदा ओलांडून मंडलेश्वर, मग महेश्वर. एकच रात्र हाताशी असेल तर ती इथे काढा. अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत इथून कारभार पाहिला. राजवाड्यात त्यांची गादी आहे, जमिनीलगतची, पांढरी, आपल्या घरातल्या बैठकीसारखी. नात तिथे फारच अस्वस्थ झाली. राणीचं सिंहासन कुठंय, हेच ती विचारत राहिली. सकाळी तिथे मातीची छोटी शिवलिंगं घडवून पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात. बाईंच्या वेळची ही चाल, ती बघायला लवकर उठा. किल्ल्यातून घाटावर उतरताना पायऱ्या खूप आहेत, उतरणं जमलं तरी चढणं अवघड जातं. आईला आम्ही गाडीने खालच्या रस्त्याने घाटाजवळ नेलं, तसंच करा. संध्याकाळी नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वरापर्यंत नाव जाते.

साड्यांचं सांगायला हवं, नाहीतर वहिनी रागावेल. १९७९ मध्ये होळकर घराण्यातल्या मंडळींनी विणकरांसाठी रेहवा सोसायटी सुरू केली आणि बंद पडत आलेले माग पुन्हा चालू लागले. माग चालताना बघा, मग खरेदी करा. काठावरच्या चटई, ईंट, हिरा ह्या नक्ष्या किल्ल्याच्या दगडातूनच उचललेल्या आहेत. घाटावर आधी दगड बघून घेतला की दुकानात ओळखू येतात. खरी महेश्वरी रेशीम-सुताची आणि हलकी असते. आईने तिचं एक जुनं हिरवं लुगडं बरोबर आणलं होतं. बाबांनी त्या एका महेश्वरच्या सुट्टीत घेतलेलं. विणकराने काठ उलटून बघितला आणि म्हणाला, "माँ, ये बॉर्डर अब कोई नहीं डालता." आईने त्याला फोटो काढू दिला, लुगडं हातात मात्र जास्त वेळ दिलं नाही.

मांडूला धामनोदवरून घाट चढून गेलो. जहाज महाल सकाळी ऊन चढायच्या आत, रूपमती मंडप त्याच दिवशी शेवटी. थंडीत हवा स्वच्छ असेल तर मंडपावरून खाली निमाडात नर्मदा दिसते. आम्हाला धूसर दिसली, आईला दिसली नाही, तरी तिने दिसली म्हणून सांगितलं. होशंगशाहचा संगमरवरी मकबरा चुकवू नका. नीळकंठ मंदिराला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा गुडघेवाल्यांनी वर चहा घ्यावा. रस्त्यात जाड बुंध्याची गोरखचिंचेची झाडं आहेत, तिथे तिला मांडूची इमली म्हणतात. फळ आंबट, एकाला एक पुरतं. श्रावण-भाद्रपदात मांडू हिरवंगार असतं, पण शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

जेवणात दाल-पानिये मागा. मक्याचे, पानात लपेटून गोवऱ्यांवर भाजलेले. त्याला वेळ लागतो, म्हणून सकाळी फिरायला निघतानाच सांगून ठेवा आणि दुपारी या.

परतताना धार लागतं. दुसरे बाजीराव १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात जन्मले. एका सहलीत थोरल्याची समाधी आणि दुसऱ्याचं जन्मस्थान, हा योग भावानेच जुळवून आणला. त्यावर आईचं म्हणणं, "दोघांच्या मधे महेश्वर आलं म्हणून बरं झालं." किल्ला बाहेरूनच पाहिला, पोरं कंटाळली होती आणि इंदूरच्या सराफ्याची भाषा करत होती. सराफा म्हणजे सराफ बाजारातली रात्रीची खाऊगल्ली, ती आठनंतर रंगते. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, एरवी भुट्ट्याचा कीस. दिवसभराच्या प्रवासानंतर आईला तिथल्या गर्दीत नेऊ नये, तिच्यासाठी बांधून आणावं.

गाडी ठरवताना ड्रायव्हरचा रात्रीचा मुक्काम आणि जेवण भाड्यात आहे का, हे लिहून घ्या. ज्यांना आमच्या उलट, आधी मांडू मग खाली नदीकडे असं जायचंय, त्यांनी शेवटचा मुक्काम ओंकारेश्वरला ठेवावा आणि तिथून दुपारी दोनच्या आत निघावं, म्हणजे भेरूघाट उजेडात चढून होतो.