कॉलमचं नाव बदललं आणि रात्रभर फंक्शनं शोधली

पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका टेबलात टॅक्स_रेट कॉलमचं नाव बदलून जीएसटी_रेट केलं. अल्टर टेबल (टेबल बदलायची कमांड) सेकंदात झालं, व्ह्यू (टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) पण सगळे चालत होते म्हणून निवांत घरी गेलो आणि रात्री बिलिंगचा जॉब आपटला, असा कॉलमच नाही म्हणे. झालं असं की व्ह्यू कॉलमला नावाने नाही, आतल्या नंबराने धरतो, त्याला नाव बदलल्याचा फरक पडत नाही. पण पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनची बॉडी म्हणजे डेटाबेसच्या लेखी नुसता मजकूर, आत कुठला कॉलम आहे हे फंक्शन चालेपर्यंत त्याला कळतच नाही. आणि आमच्याकडे अशी फंक्शनं चारशेच्या वर, निम्मी गिटमध्ये, म्हणजे कोड जपून ठेवतो तिथे, नाहीतच (लिहिणारा सोडून गेला वगैरे, नेहमीचंच).

आधी इन्फर्मेशन स्कीमाच्या रूटीन्समध्ये (फंक्शनांची यादी दाखवणारा तयार व्ह्यू) जुनं नाव शोधलं, शून्य रो. दहा मिनिटं खूश होतो! मग कळलं की फंक्शनचा मालक दुसरा यूजर असेल तर तिथे डेफिनिशन नल, म्हणजे रिकामी येते, आणि मी माझ्या रोजच्या लॉगिनने बघत होतो. मग सरळ पीजी_प्रॉक (फंक्शनं साठतात ते आतलं टेबल), त्यातल्या प्रोएसआरसी म्हणजे बॉडीच्या कॉलमवर आयलाइक (लहान-मोठं अक्षर न बघणारं लाइक). आता निघाली 63, कारण लाइकमध्ये अंडरस्कोर म्हणजे कुठलंही एक अक्षर, त्यामुळे कमेंटमधलं 'टॅक्स रेट' पण आलं, आणि दोन्ही बाजूंच्या टक्क्याच्या चिन्हामुळे ओल्ड_टॅक्स_रेट पण. रेगेक्स (मजकुराचा नमुना जुळवायची पद्धत) घेऊन नावाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश वाय लावला, म्हणजे अख्खा शब्दच जुळला पाहिजे, तेव्हा 17 वर आलो.

पॅरामीटर प्रोएसआरसीत नसतात म्हणून पीजी_गेट_फंक्शनडेफ (फंक्शनची पूर्ण व्याख्या देतं) सगळ्यांवर चालवलं, तर ॲरे_ॲग हे ॲग्रीगेट (अनेक रो मिळून एक उत्तर देणारं) आहे म्हणत अख्खी क्वेरीच पडली. प्रकार सांगणाऱ्या प्रोकाइंडमध्ये एफ (फंक्शन) आणि पी (प्रोसिजर) एवढेच ठेवले मग चाललं (हा कॉलम पोस्टग्रेस 11 पासून आहे, जुन्यात प्रोइजॲग बघा). दोन फंक्शनांचं प्रोएसआरसी चक्क रिकामं, जरा टरकलोच, पण ती पोस्टग्रेस 14 मध्ये आलेली बिगिन ॲटॉमिकवाली निघाली, ती मजकूर म्हणून नाही तर पार्स होऊन (आधीच उलगडून) साठतात त्यामुळे व्ह्यूसारखी शाबूत होती.

पहाटे चारला 17 च्या 17 दुरुस्त करून झोपलो. महिनाअखेरीला अठरावं बोंबललं, त्यात एक्झिक्यूटसाठी (फंक्शन चालताना बनवलेली क्वेरी चालवायची कमांड) कॉलमचं नाव 'टॅक्स' आणि '_रेट' असं दोन तुकडे चिकटवून बनवलं होतं.