वेळेवर पुस्तक आणलं की ४००

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या छोट्या वाचनालयाची देवघेव मी हौसेनं गो ही प्रोग्रामिंगची भाषा आणि जिन हे तिचं वेब फ्रेमवर्क वापरून लिहितोय. राउट्स, म्हणजे कुठली विनंती कुठल्या फंक्शनकडे जाते ते, मागेच लावून झाले. या आठवड्यात पुस्तक परतीची पोस्ट रिक्वेस्ट (माहिती पाठवणारी विनंती) घेणारा हँडलर, म्हणजे तिला उत्तर देणारं फंक्शन, चालू केला, आणि शनिवारी काउंटरवरून काकांची हाक आली, "अरे, तुझं हे यंत्र उशीर करणाऱ्यांची पुस्तकं घेतंय अन् वेळेवर आणणाऱ्यांना हाकलतंय!"

खरंच की. दंड १० रुपये असला की २०० (ठीक आहे), शून्य असला की ४०० (विनंतीच चुकीची).

बॉडीत, म्हणजे विनंतीसोबतच्या मजकुरात, नक्की काय येतंय ते बघायला घाईघाईत एक मिडलवेअर (हँडलरच्या आधी चालणारं फंक्शन) लिहिलं: आयओ-रीडऑलनं सगळी बॉडी वाचायची आणि छापायची. झालं, आता उशीरवाल्यांनाही ४००! एरर फक्त 'ईओएफ', म्हणजे मजकूर संपला. बॉडी ही स्ट्रीम असते, एकदाच वाचता येते; मी ती मिडलवेअरमध्येच संपवली, हँडलरच्या वाट्याला काही उरलंच नाही. वाचलेले बाइट्स बाइट्स-न्यूरीडरमध्ये (पुन्हा वाचता येईल असं) घालून, वर आयओ-नॉपक्लोजर (बंद करण्याचं नाटक करणारं वेष्टन) चढवून परत रिक्वेस्टच्या बॉडीत ठेवले, तेव्हा गाडी रुळावर आली. (जिनचं शुडबाइंडबॉडीविथ बॉडी साठवून ठेवतं, पण मग प्रत्येक हँडलरमध्ये तेच वापरायला हवं. कंटाळा आला.)

छापलेल्या बॉडीत 'दंड: ०' व्यवस्थित दिसत होता. म्हणजे चूक माझ्याच स्ट्रक्टमध्ये, जिथे येणाऱ्या माहितीची रचना लिहिलेली असते. दंड हा इंट (पूर्णांक), आणि त्याला मी ऐटीत 'रिक्वायर्ड' (आवश्यक) टॅग लावलेला. गोमध्ये जेसनात (माहिती पाठवायच्या मजकुरात) फील्ड आलंच नाही तरी इंट शून्यच राहतो. त्यामुळे 'शून्य पाठवला' आणि 'पाठवलाच नाही' यांतला फरक व्हॅलिडेटरला, म्हणजे टॅग तपासणाऱ्याला, कळत नाही, तो शून्याला गैरहजरच धरतो. इंटच्या जागी इंटचा पॉइंटर (इंट कुठे आहे ते दाखवणारा) केला: न आलेला दंड निल (काहीच नाही), आलेला शून्य शून्यच. सोबत 'जीटीई=०' (शून्य किंवा जास्त) लावलं, उगाच कुणी उणे दंड भरायला नको. पॉइंटरच्या खुणेच्या एका चांदणीचा (*) बदल, आणि त्यापायी पोह्यांवरचा जिरावण मसालासुद्धा सादळला.

जाता जाता जेसन स्ट्रक्टमध्ये भरणारं बाइंडजेसन काढून शुडबाइंडजेसन घातलं. पहिलं स्वतःच ४०० लिहून मोकळं होतं, मला एरर मराठीत द्यायची आहे.

आता अडलंय सभासद क्रमांकावर. काका फोनवर मराठी कीबोर्डनं '४२' टाकतात, आणि मजकुराचा आकडा करणाऱ्या स्ट्रकॉन्व्ह-एटॉयला देवनागरी अंक वाचता येत नाहीत. आज रात्री प्रत्येक रूनमधून (अक्षराच्या कोडमधून) '०' वजा करणारं छोटं फंक्शन लिहितोय.