क्लिपमधली बाई ‘आलो’ म्हणते

परवाच्या शनिवार-रविवारी इथल्याच एका कॉलेजात दोन दिवसांचं चर्चासत्र होतं, त्याला जाऊन आलो. विषय होता भाषाविज्ञान आणि माणूस-यंत्र संवाद. राजारामपुरीतल्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं, नोंदणी पाचशे रुपये. या विषयाच्या मोठ्या सभा मोठ्या शहरांत भरतात. कोलिंग ही जागतिक परिषद डिसेंबर २०१२ मध्ये मुंबईच्या आयआयटीत झाली, इंटरस्पीच २०१८ साली हैदराबादला. कोल्हापुरात हा विषय आला म्हटल्यावर मी पत्रक मिळालं त्याच दिवशी नाव घातलं.

पुढं लिहिण्याआधी एक सांगतो. मी बाई आहे, दोन मुलांची आई आहे, आणि मी ‘जाऊन आलो’ असंच म्हणतो. माझी आई तसंच म्हणते, आजी तसंच म्हणायची, आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका आजही तसंच म्हणतात. शाळेत वहीवर लाल खुणा होऊन होऊन लिहिताना ‘आले’ लिहायची सवय लागली, आणि इथंही मी इतकी वर्षं तसंच लिहीत आलो. आजचं मात्र बोलतो तसं लिहितोय, कारण सगळी गोष्टच त्या एका ‘आलो’ची आहे.

गेली तीन वर्षं मी घरून ट्रान्स्क्रिप्शनचं काम करतो. मुलं शाळेत गेली की हेडफोन लावायचा, पाच ते पंधरा सेकंदांची क्लिप ऐकायची आणि देवनागरीत टाईप करायची. आवाज आणि त्याखालचा मजकूर अशा हजारो जोड्या यंत्राला दाखवल्या की कुठल्या आवाजाचं कुठलं अक्षर हे ते शिकतं. सूचनांच्या कागदावर पहिलंच वाक्य होतं: जसं ऐकू येतं तसंच लिहा.

एके दिवशी करवीर तालुक्यातल्या कुठल्याशा बाईंची क्लिप आली. ‘मी डेअरीला दूध घालून आलो, मग भाकऱ्या थापल्या.’ मागं कोंबडा आरवत होता. मी ऐकलं तसं लिहिलं. दोन दिवसांनी तपासनिसाकडून परत आलं: लिंगदोष, वक्ता स्त्री आहे, ‘आले’ करा. मी उलट लिहिलं की बाई तसंच बोलली आहे आणि इथल्या बायका तसंच बोलतात. उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात माझे गुण कमी झाले, गुणांवर पैसे ठरतात, म्हणून मी ‘आले’ लिहायला लागलो. त्यानंतर किती बायकांचं ‘आलो’ मी माझ्या हातानं पुसलं, ते मोजलेलं नाही. हे मनात घेऊनच चर्चासत्राला गेलो.

बीजभाषण बंगळूरहून आलेल्या एका संशोधक बाईंचं होतं. त्यांनी सुरुवात केली १९६२ पासून. त्या वर्षी अमेरिकेत यंत्रानुवाद आणि संगणकीय भाषाविज्ञान यांची संघटना स्थापन झाली. आज तिला असोसिएशन फॉर कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स, थोडक्यात एसीएल म्हणतात. (आपलं शिवाजी विद्यापीठही त्याच सालचं, हे तिथं बसल्या बसल्या लक्षात आलं.) एसीएलचे पहिले अध्यक्ष व्हिक्टर इंग्वे. माणूस मूळचा पदार्थविज्ञानाचा, पुढं एमआयटीत यंत्राकडून भाषांतर कसं करून घेता येईल या खटपटीत. आणि याच माणसानं १९७० साली एका परिषदेत निबंध वाचला तो ऐकणाऱ्याबद्दल. आपण बोलत असताना समोरचा मधेमधे ‘हं’, ‘हां’ करतो, त्यात तो आपली पाळी हिसकावून घेत नाही, तरी मागच्या वाटेनं काहीतरी सतत पाठवत असतो. त्या मागच्या वाटेला इंग्वेंनी ‘बॅक चॅनल’ असं नाव दिलं. आपल्याकडं याला फार जुनं नाव आहे: हुंकार.

मला एकदम आजी दिसली. गोष्ट सांगताना आम्ही पोरं गप्प झालो की ती थांबायची. ‘हूं म्हणा की रं, मी काय भिंतीला सांगाय लागलोय?’ तिथं पहिल्या रांगेत बसून मी हे वहीत लिहून घेतलं, आणि लिहिल्यावर ‘लागलोय’कडं बघत राहिलो. आजीच्या तोंडचं तेसुद्धा कुणीतरी दुरुस्त केलं असतं.

मग बाईंनी एक आकडा दाखवला. २००९ साली जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पांचं मोजमाप प्रसिद्ध झालं. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ लागतो? सगळ्या भाषा धरून सरासरी साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी सगळ्यांत झटपट, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण तीही सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आत. याचा अर्थ समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. तसं नसेल तर एवढ्या वेळात तोंड उघडणं जमायचं नाही. फोनमधल्या मदतनिसाचं तसं नाही. शांतता ठरावीक वेळ टिकली की माणूस बोलायचा थांबला असं तो बहुधा धरतो. म्हणून श्वास घ्यायला थांबलो तरी तो मधे घुसतो, आणि आपण खरंच संपवलं की उगाच ताटकळत ठेवतो. त्या दहा भाषांत भारतातली एकही नव्हती. मला वाटतं आपल्या चौकातल्या गप्पा कुणीतरी मोजायला हव्यात, जिथं दोघं एकदम बोलतात आणि दोघांनाही सगळं ऐकू आलेलं असतं.

सभागृहात डावीकडं मराठी विभागाची मंडळी, उजवीकडं इंजिनिअरिंगची पोरं लॅपटॉप उघडून. दुपारपर्यंत दोन्हीकडचं कुणी दुसऱ्या बाजूला गेलं नाही. याचं मला वाईट वाटलं, कारण इंग्वेंच्या गोष्टीत ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या डोक्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळचं सत्र बोलींच्या सर्वेक्षणांवर होतं. ब्रिटिश काळातले अधिकारी जॉर्ज ग्रियर्सन यांचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण, त्यातला मराठीचा सातवा खंड १९०५ चा. बोली बोलीतला फरक कळावा म्हणून सगळीकडून एकाच गोष्टीचं भाषांतर मागवलं होतं, बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट. बाप, दोन मुलगे, शेत, मेजवानी. निबंध वाचणारा तरुण ती कल्पना किती हुशारीची होती ते सांगत होता, आणि ती होतीच. पण मी ती गोष्ट मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली. त्यात एकही बाई बोलत नाही. मग त्या नमुन्यात कोल्हापूरच्या बाईचं ‘आलो’ कुठून सापडणार?

प्रश्नोत्तरात हात वर केला आणि क्लिपची सगळी हकीकत सांगितली, कंपनीचं नाव न घेता. म्हटलं, आजही तेच चाललंय. मोझिलाच्या कॉमन व्हॉइससारख्या, लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या उपक्रमात वाक्य पडद्यावर येतं आणि आपण ते वाचतो. काम चांगलं आहे, मीही वाक्यं वाचून दिली आहेत. पण पडद्यावर ‘मी आले’ असेल तर माझ्यासारखी बाई ‘मी आले’च वाचणार. माझं ‘आलो’ मिळायचं तर मला मोकळं बोलू द्यावं लागेल, आणि बोलले ते तसंच लिहावं लागेल. हे शेवटचं वाक्य बोलताना माझ्याही तोंडून ‘बोलले’ गेलं. माईक हातात आला की शाळा आठवते.

गडहिंग्लजहून आलेले एक वयस्कर सर उठले. त्यांच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. ते म्हणाले, ‘ताई, यात दोष कसला? कानडीत बाई असो बाप्या असो, नानु बंदे, मी आलो. तिसऱ्याबद्दल बोलताना मात्र वेगळं, अवनु बंदनु, अवळु बंदळु.’ मग फळ्यावर मराठी मांडली. ‘आम्ही आलो’ प्रमाण मराठीतही बायका-पुरुष दोघांचं. ‘मी येईन’ दोघांचं. ‘मी केलं’ दोघांचं. फरक फक्त येतो-येते, आलो-आले अशा थोड्या जागी. कोल्हापूरच्या बायकांनी तेवढ्या जागा बाकीच्या व्याकरणासारख्या करून टाकल्या. आणि त्याच बायका दुसरीला विचारताना ‘कधी आलीस?’ असंच विचारतात, कधी चुकत नाहीत. म्हणजे गोंधळ नाही, नियम आहे. शेजारी कर्नाटक आहे म्हणून हे घडलं का, यावर दोन्ही बाजूंनी जोरात बोलणं झालं. मला स्वतःला कानडीचा धागा पटतो, पण त्याहून मोलाचं वाटलं ते फळ्यावरचं ‘नियम’.

चहाच्या वेळी उजवीकडच्यांतला एक मुलगा जवळ आला. विचारलं, ‘मॅडम, दोन ओळी ठेवल्या तर? एक बोललं तशी, एक प्रमाण. यंत्राला दोन्ही शिकवता येतात.’ इतकं सोपं. जागा थोडी जास्त लागेल, टाईप करणाऱ्याला वेळ जास्त लागेल, त्याचे पैसे द्यावे लागतील. मी रविवारी रात्रीच हे कंपनीला सविस्तर लिहून पाठवलं, सोबत ते व्याकरणही.

सोमवारी आईकडं मंगळवार पेठेत गेलो. तिला म्हटलं, लग्नाआधी तुम्ही पंचगंगेवर धुणं धुवायला जायचा ते सांग, मी रेकॉर्ड करतो. फोन टेबलावर ठेवला आणि सूचनांप्रमाणं गप्प बसलो, कारण क्लिपमध्ये दुसरा आवाज आला की ती बाद होते. आई चार वाक्यं बोलली आणि थांबली. पुन्हा दोन बोलली, थांबली. फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

‘ऐकाय लागलीयास न्हवं?’

‘हूं.’

मग ती सलग चाळीस मिनिटं बोलली. घाटावरची गर्दी, १९८९ चा पूर, वाहून गेलेली पितळेची बादली, ‘मी तशीच पाण्यात उतरलो’ म्हणून हातानं दाखवलेली खोली. दर वाक्याला माझं ‘हूं’ आहे, कुठं ‘मग?’ आहे, एका ठिकाणी दोघी एकदम हसलोय. कामाला यातली एकही क्लिप चालणार नाही. फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि रोज थोडी दोन ओळींत टाईप करतोय. आज सातव्या मिनिटापर्यंत आलो.